डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पुढच्या पुरवणी पुस्तकांकडून काय हवं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायच्या गोष्टीच्या खेळाच्या पुढच्या पुस्तकांबद्दल जे प्रश्न लोक परत परत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही अगदी नव्या खेळाडूंचे आहेत, काही बरीच वर्षं डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) म्हणून गट सांभाळणाऱ्यांचे. जिथे उत्तर मताचं आहे तिथे मत माझं आहे. एखादा मुद्दा आधीच येऊन गेला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पुरवणी पुस्तक म्हणजे नक्की काय? ते घेतल्याशिवाय खेळता येत नाही का?

आरामात खेळता येतं. मूळ पुस्तकं तीन: प्लेअर्स हँडबुक, डन्जन मास्टर्स गाइड आणि मॉन्स्टर मॅन्युअल. खेळाडूला पहिलं पुरतं, डीएमला तिन्ही लागतात. त्यापलीकडे जे छापलं जातं ते सगळं पुरवणीत मोडतं: नवे सबक्लास (क्लास म्हणजे पात्राचा प्रकार, सबक्लास ही त्याची शाखा), नवे मंत्र, एखादं वेगळं जग, लेव्हलवार आखलेली तयार मोहीम. २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्येच १२ क्लास आणि ४८ सबक्लास आहेत. एवढे खेळून संपवायलाच कितीतरी कॅम्पेन, म्हणजे सत्रामागून सत्र चालणाऱ्या गोष्टी, लागतील. म्हणून नव्या खेळाडूने पुरवण्यांच्या मागे लागू नये. आपल्या खेळात काहीतरी कमी पडतंय असं गटाला जाणवू लागलं, की त्या उणिवेसाठी पुस्तक शोधावं.

२. पुरवण्यांमुळे खेळ खरंच बदलतो का? की नुसतीच भर पडते?

बदलतो, आणि सुरुवातीपासूनच बदलत आला आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांत आला. त्यात चोर नव्हता, पॅलाडिन नव्हता, आणि तलवार असो की खंजीर, इजा सहा बाजूंच्या एकाच फाशाने ठरायची. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पहिल्या पुरवणीने चोर आणि पॅलाडिन आणले, शस्त्रागणिक वेगळी इजा आणली. त्याच वर्षीच्या 'ब्लॅकमूर'ने मंक आणला आणि एक अख्खी मोहीमही छापली. १९७६ च्या 'एल्ड्रिच विझर्ड्री'त ड्रुइड क्लास, मानसशक्ती आणि डीमन आले.

आज पॅलाडिन किंवा ड्रुइड नसलेला हा खेळ डोळ्यांसमोर आणून बघा. जे पुढे गाभा ठरलं ते आधी पुरवणीत होतं. म्हणून पुरवणीकडून मोठी अपेक्षा ठेवणं मला मुळीच अवाजवी वाटत नाही. मूळ पुस्तकांना जे जमलं नाही ते पुरवणीने करून दाखवावं, हीच माझी मोजपट्टी आहे आणि खालची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत.

३. पुढे काय येणार याचा अंदाज आधी लावता येतो का?

थोडाफार. विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही प्रकाशन कंपनी 'अनअर्थ्ड आर्काना' या नावाखाली कच्चे नियम मोफत खुले करते आणि मग खेळाडूंची मतं मागवते. २०२४ च्या पुस्तकांसाठी झालेल्या चाचणीत साधारण ७० टक्के पसंती ही पुढे जाण्याची पायरी मानली होती.

पण चाचणीत आलं म्हणजे छापून येणारच, असं धरू नका. मिस्टिक हा मानसशक्तीचा क्लास २०१५ पासून अनेकदा बदलून चाचणीला आला आणि शेवटी गुंडाळला गेला. त्याच्या कल्पनांचे तुकडे २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मध्ये तीन वेगवेगळ्या क्लासच्या सबक्लासमध्ये वाटले गेले. २०२१ मध्ये 'स्ट्रिक्सहेवन' या पुरवणीसाठी एकाहून अधिक क्लासना चालतील असे सामाईक सबक्लास चाचणीला आले होते. ती कल्पना मला फार आवडली होती, पण पुस्तकातून ती गळली. चाचणीतला मजकूर वाचताना 'हे येणार' याऐवजी 'यांना या दिशेने जावंसं वाटतंय' एवढंच समजावं. आणि मत मागितलं की ते द्यावं, सविस्तर द्यावं. नुसतं 'आवडलं नाही' लिहून कुणाला काही कळत नाही. कोणत्या लेव्हलला, कोणत्या प्रसंगात, काय अडलं ते लिहा.

४. माझ्याकडे २०१४ च्या आवृत्तीची पुस्तकं आहेत. नव्या पुरवण्या चालतील का? आणि जुन्या पुरवण्या नव्या, म्हणजे २०२४ च्या, नियमांत?

दोन्ही बाजूंनी बरंच काही चालतं. जुनी पुरवणी नव्या नियमांत वापरताना ढोबळमानाने चार गोष्टी ध्यानात ठेवा:

- सबक्लास आता सगळ्यांना ३ ऱ्या लेव्हलला मिळतो. जुन्या पुस्तकात तो १ ल्या किंवा २ ऱ्या लेव्हलला लिहिला असला तरी ३ ऱ्यालाच घ्यायचा.
- जुन्या वंशात गुणांकांची वाढ दिली असेल तर ती सोडून द्यायची, कारण आता ती पात्राच्या पार्श्वभूमीतून मिळते.
- जुन्या पार्श्वभूमीत गुणांकांची वाढ किंवा सुरुवातीचं फीट (पात्राची जादा खास क्षमता) नसेल तर ते आपण निवडून घ्यायचं.
- एखादा मंत्र दोन्हीकडे असेल तर नवा धरायचा.

शेवटच्या नियमामुळे काही जुने सबक्लास मात्र पंगू होतात. तो किचकट भाग प्रश्न १५ मध्ये आहे.

५. एकच पुरवणी मागायची झाली तर तुम्ही कोणती मागाल?

प्रवासाची. रानावनातून, डोंगरदऱ्यांतून, अनोळखी मुलखातून जाण्याला खेळाचं वजन देणारं पुस्तक.

२०१४ च्या पुस्तकांनी खेळाचे तीन खांब सांगितले: लढाई, शोधयात्रा आणि संवाद. लढाईला शेकडो पानं मिळाली. संवादाला नियम कमी असले तरी चालतं, कारण माणसं तोंडाने बोलतातच. शोधयात्रेला मात्र सुट्या तरतुदी मिळाल्या. साध्या चालीने दिवसाला २४ मैल. माणशी रोज एक पाउंड अन्न आणि एक गॅलन पाणी. आठ तासांपेक्षा जास्त चाललं तर थकव्यासाठी फासा. हे आकडे वाचताना कठोर वाटतात, पण खेळताना कुणाच्या अंगाला लागत नाहीत. गुडबेरी हा १ ल्या लेव्हलचा मंत्र (मंत्रांची लेव्हल पात्राच्या लेव्हलपेक्षा वेगळी मोजतात) दहा फळं देतो आणि एक फळ एका माणसाला दिवसभर पुरतं. आउटलँडर पार्श्वभूमीचं एकच पात्र स्वतःसकट सहा जणांचं अन्नपाणी शोधून आणतं. लिओमंड्स टायनी हट हा ३ ऱ्या लेव्हलचा मंत्र विधी म्हणून केला की रात्रीच्या पहाऱ्याची भीतीही संपते. २०१४ चा रेंजर, म्हणजे रानात वावरणारा क्लास, त्याच्या आवडत्या प्रदेशात वाट चुकतच नाही. म्हणजे ज्याने रानातला खेळ हौसेने निवडला, त्याचं बक्षीस म्हणून रानातला खेळच नाहीसा होतो.

त्याहून मोठी अडचण विश्रांतीची आहे. २०१४ चे नियम दिवसाला सहा ते आठ मध्यम लढाया झेलता येतील अशा हिशेबाने पात्रं घडवतात. प्रवासात दिवसाला फार तर एक संकट येतं, रात्री सगळे झोपतात, सकाळी सगळी ताकद परत. मग वाटेतल्या लांडग्यांशी झालेल्या झटापटीला अर्थ काय उरला? डीएमला हे कळतं, म्हणून तो 'तुम्ही नऊ दिवसांनी पोहोचलात' असं म्हणून मोकळा होतो. त्यात त्याचा दोष नाही. नियमांनी त्याच्या हातात दुसरं काही दिलेलंच नाही.

यावर उपाय आहे आणि तो छापूनही झाला आहे. क्युबिकल सेव्हनने २०१६ मध्ये याच खेळाच्या पाचव्या, म्हणजे २०१४ च्या, आवृत्तीवर बेतलेलं 'अ‍ॅडव्हेंचर्स इन मिडल-अर्थ' काढलं. त्यात प्रवासाला निघताना गट कामं वाटून घेतो: वाटाड्या, टेहळ्या, शिकारी, पहारेकरी. वाटेत उघड्यावर मोठी विश्रांती (ताकद परत देणारी) सहसा मिळत नाही, त्यासाठी सुरक्षित आसरा लागतो. आणि प्रवास कसा झाला यावरून मुक्कामी पोहोचताना गटाची अवस्था ठरते. एवढ्या तीन बदलांनी प्रवास हा खेळाचा भाग होतो.

माझ्या मनातल्या पुस्तकात याच्या पुढचं हवं, आणि ते म्हणजे निवड. समजा खिंडीतून चार दिवसांचा रस्ता आहे, पण तिथे आसरा नाही आणि वर ग्रिफिनांची घरटी आहेत. नदीकाठाने नऊ दिवस लागतात, दोन गावं लागतात, पण तेवढ्यात शत्रूचा निरोप पुढे पोहोचतो. गटाने यावर अर्धा तास वाद घातला पाहिजे आणि जे ठरेल त्याची किंमत त्यांना जाणवली पाहिजे. अशा निवडी डीएमला झटपट उभ्या करता येतील अशी तक्ते-नकाशांची साधनं मिळाली, तर मी ते पुस्तक दोन प्रतींत घेईन.

६. मग गुडबेरीसारखे मंत्र सरळ बंद करावेत का?

नको. खेळाडूने निवडलेली गोष्ट काढून घेतली की त्याचा विरस होतो. मंत्र राहू द्या, त्याला खर्च जोडा. विश्रांती फक्त आसऱ्यातच मिळत असेल (प्रश्न ५), तर गुडबेरीसाठी वापरलेली मंत्राची जागा (मंत्र करण्याची मोजकी संधी) रोज भरून येत नाही. मग उपासमार टाळायची की जखमांसाठी जागा राखायची, हा खरा प्रश्न होतो. मंत्राचा एक शब्दही न बदलता.

७. नवे क्लास हवेत की नकोत?

मोजके हवेत. २०१४ च्या आवृत्तीत पहिल्या दहा वर्षांत एकच पूर्ण नवा क्लास छापला गेला: २०१९ च्या एबेरॉन पुस्तकातला आर्टिफिसर. हा संयम मला पटतो. पण दोन जागा अजूनही रिकाम्या आहेत.

पहिली मानसशक्तीची. सायन हा क्लास २०२५ मध्ये चाचणीला आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. फक्त तो मंत्रांच्या जागा मोजणारा आणखी एक जादूगार होऊ नये. दुसरी जागा वॉरलॉर्डची. चौथ्या आवृत्तीच्या २००८ च्या पहिल्याच प्लेअर्स हँडबुकमध्ये हा क्लास होता. जादूचा लवलेश नाही, पण रणांगणावर सोबत्याला हाक देऊन त्याच्याकडून वार करवायचा, खचलेल्याला शब्दाने उभा करायचा. फायटरच्या बॅटल मास्टर सबक्लासमध्ये याची झलक आहे, पण झलकच. फायटरच्या अंगात आधीच इतके स्वतःचे हल्ले भरलेले आहेत की दुसऱ्याला पुढे करण्यासाठी त्यात ताकद शिल्लक राहत नाही. सबक्लास क्लासच्या मूळ सांगाड्यावर बसतो, आणि सांगाडाच वेगळा हवा असेल तेव्हा नवा क्लास लागतो. नव्या क्लासची मागणी करताना हीच कसोटी लावावी.

८. प्रत्येक पुरवणीत आधीपेक्षा ताकदवान पर्याय येतात. हे थांबणार का?

पूर्ण थांबणार नाही, कमी होऊ शकतं. 'टाशा'मधला ट्वायलाइट डोमेनचा क्लेरिक आजूबाजूच्या सोबत्यांना प्रत्येक फेरीत एक फासा अधिक स्वतःची लेव्हल इतके तात्पुरते हिट पॉइंट (इजा झेलण्याची ताकद) देतो. त्याच्यासमोर साध्या लढाया निष्प्रभ होतात. 'स्ट्रिक्सहेवन'मधला सिल्व्हरी बार्ब्ज हा १ ल्या लेव्हलचा मंत्र शत्रूचा यशस्वी फासा परत टाकायला लावतो आणि वर एका सोबत्याला फायदाही देतो. इतक्या स्वस्तात इतकं मिळालं की तो मंत्र न घेणंच चूक वाटू लागतं.

आकडा थोडा मोठा असण्याचं मला फार वाटत नाही. एकच पर्याय बाकी सगळ्यांना निरर्थक करतो, ते वाईट. दहा जादूगारांच्या वहीत तोच एक मंत्र दिसला की त्यांच्यातला वेगळेपणा गेला. म्हणून पुढच्या पुरवण्यांनी ताकद वाढवण्याऐवजी रुंदी वाढवावी: सापळे उघडणाऱ्या, व्यापार करणाऱ्या, भाषा जाणणाऱ्या पात्रांना करण्यासारखं काही द्यावं. २०१७ च्या 'झॅनथार्स गाइड टू एव्हरीथिंग'ने सुतारकाम, स्वयंपाक, वेषांतर अशा साधनांच्या कौशल्यांना नेमके उपयोग दिले होते. सगळ्या गडबडीत लोक ती पानं विसरतात. मला ती त्या पुस्तकातली सर्वांत मौल्यवान वाटतात.

९. डार्क सन परत येईल का? यायला हवं का?

यायला हवं. १९९१ चं हे जग बाकी सगळ्यांपेक्षा वेगळं आहे: जळालेलं वाळवंट, देव नाहीत, धातू दुर्मीळ, आणि जादू केली की आजूबाजूची झाडंझुडपं मरतात. जादूगाराने प्रत्येक मंत्रागणिक जमिनीचं देणं फेडायचं की लुटायचं हे ठरवायचं, याहून चांगला नैतिक पेच मला या खेळात दुसरा माहीत नाही.

अडचणीही खऱ्या आहेत. मानसशक्तीचे नियम नसतील तर अथास, म्हणजे डार्क सनचं जग, उभंच राहत नाही (प्रश्न ७). तहान आणि ऊन यांना नियमांत दात हवेत (प्रश्न ५). आणि मूळ मजकुरात गुलामगिरी सगळीकडे आहे. ती चवीपुरती वापरणं आज कुणालाच मान्य होऊ नये. माझ्या मते ती पुसून टाकण्यापेक्षा तिच्याविरुद्धची लढाई हाच पुस्तकाचा कणा करावा. खेळाडू जुलमी राजांविरुद्ध उठाव करतात, सुटलेल्यांच्या वस्त्या वसवतात, पाणी वाटून घेतात. तसं पुस्तक जबाबदारीने लिहिता येईल.

१०. जुनी सगळीच जगं परत का आणत नाहीत?

कारण एकदा तसं करून पाहिलं होतं. १९८९ पासून पुढच्या काही वर्षांत टीएसआर या खेळाच्या मूळ प्रकाशन कंपनीने स्पेलजॅमर, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, अल-कादिम, प्लेनस्केप, बर्थराइट अशी एकामागून एक जगं काढली. ड्रॅगनलान्स आणि फरगॉटन रिल्म्स आधीपासून होतीच. कल्पनाशक्तीच्या दृष्टीने तो सुवर्णकाळ होता. पण एका जगाचा चाहता दुसऱ्या जगाची पुस्तकं घेईनासा झाला, वाचकवर्ग विभागला गेला, आणि इतर कारणांबरोबर याचाही भार कंपनीवर पडला. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली.

त्यामुळे जगं थोडी आली तरी माझी तक्रार नाही. आलेलं जग अपुरं येऊ नये, एवढंच. २०२२ चं स्पेलजॅमर प्रत्येकी ६४ पानांच्या तीन पुस्तकांत आलं. नियम, मॉन्स्टर आणि मोहीम यांत पानं वाटली गेली आणि आकाशातल्या जहाजांच्या लढाईला फारच कमी जागा उरली. जे जग जहाजांचं आहे त्यात जहाज चालवण्याची मजा नियमांतून आलीच पाहिजे. भीतीच्या जगात भीतीला, कारस्थानांच्या जगात कारस्थानाला नियम हवेत. चित्रं आणि इतिहास यांवर जग तरत नाही.

११. १० व्या लेव्हलनंतर आमचं कॅम्पेन विस्कटतं. यासाठी काही येईल का?

हा प्रश्न डीएम मंडळींकडून सर्वांत जास्त येतो. छापील मोहिमांपैकी बऱ्याचशा १० ते १५ लेव्हलच्या दरम्यान थांबतात. २०१८ ची 'डन्जन ऑफ द मॅड मेज' आणि २०२४ ची 'व्हेक्ना: ईव्ह ऑफ रुइन' अशा थोड्याच २० पर्यंत जातात.

विस्कटण्याचं कारण आकड्यांपेक्षा क्षमतांमध्ये जास्त आहे. ५ व्या लेव्हलच्या क्लेरिकला मृताशी बोलता येतं, त्यामुळे साधी खुनाची गोष्ट एका मंत्रात सुटते. ९ व्या लेव्हलला मेलेला सोबती परत उठवता येतो. १३ व्या लेव्हलला विझर्ड टेलिपोर्ट करतो, म्हणजे क्षणात दूर पोहोचतो, आणि रस्त्यांचं जगच मिटतं. १७ व्याला विश, म्हणजे जवळजवळ काहीही मागून घेण्याचा मंत्र. जुनी संकटं मोठी करून भागत नाही, संकटाची जातच बदलावी लागते. हे शिकवणारं पुस्तक हवं: राजधानीतले लोक टेलिपोर्टपासून स्वतःला कसं वाचवतात, खून करणारा प्रेताची जीभ का कापून नेतो, एकाच वेळी तीन ठिकाणी हजर राहणं गरजेचं कसं करायचं. १९८४ मध्ये फ्रँक मेंट्झरने 'कम्पॅनियन' संचात १५ ते २५ लेव्हलसाठी खेळाचं स्वरूपच बदललं आणि पात्रांच्या हाती प्रदेशाचा कारभार दिला. ती दिशा मला आजही बरोबर वाटते. तिचं पुढे प्रश्न १२ मध्ये.

१२. किल्ला, जहागीर, राज्यकारभार यांचे नियम २०२४ च्या पुस्तकात आलेत ना? आणखी काय हवं?

बॅस्टियनचे नियम आलेत. ५ व्या लेव्हलपासून पात्राला स्वतःचं ठाणं मिळतं आणि खेळातल्या सात दिवसांनी एकदा त्यातल्या खोल्यांना कामं देता येतात. सुरुवात चांगली आहे. पण ठाणं बरंचसं आपल्यापुरतं राहतं. शेजारच्या सरदाराशी सीमेवरून तंटा, दुष्काळात सारा माफ करायचा की सैन्य पोसायचं, दरबारात कोण आपल्या बाजूचं, हे त्यात नाही. १९९५ च्या बर्थराइटमध्ये खेळाडू राज्यकर्तेच होते आणि कारभाराचा प्रत्येक हंगाम पटावर खेळला जायचा. तितकं खोल नको असेल तरी चालेल. बॅस्टियनच्या वर आणखी एक थर हवा, म्हणजे उच्च लेव्हलच्या पात्रांना जगात पाय रोवायला जागा मिळेल.

१३. डीएमसाठी पुस्तकं कमी आणि खेळाडूंसाठी जास्त, असं का?

हिशेब साधा आहे. एका गटात डीएम एक आणि खेळाडू चार-पाच. खेळाडूंना काही देणारं पुस्तक जास्त लोक घेतात, म्हणून मोहिमांच्या पुस्तकांतही सबक्लास घातले जातात.

पण डीएम नसेल तर खेळच नाही. गट मोडतात ते बहुतेक वेळा डीएम थकल्यामुळे, सबक्लास कमी पडल्यामुळे मोडलेला गट मी पाहिलेला नाही. तयारीचा वेळ अर्ध्यावर आणणारं पुस्तक हे खेळाडूंसाठीचंही पुस्तक आहे. त्यात मला हव्या आहेत एका पानात मावणाऱ्या जागा, हेतू आणि भीती एका ओळीत सांगणारी पात्रं, आणि मधूनच उचलून वापरता येतील असे प्रसंग. मॉन्स्टरांबद्दलही तेच. २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये पाचशेहून अधिक मॉन्स्टर आहेत, संख्या भरपूर झाली. आता ते कसे लढतात, कधी पळतात, त्यांना काय हवं असतं हे लिहा.

१४. इतर प्रकाशकांची किंवा आपण स्वतः लिहिलेली पुरवणी चालते का? कायदेशीर आहे का?

आपल्या गटापुरतं काहीही लिहा, कुणाला विचारायची गरज नाही. प्रकाशित करायचं असेल तर हे बघा. २००० पासून खुला परवाना होता. जानेवारी २०२३ मध्ये तो बदलण्याचा प्रयत्न झाला, खेळाडूंनी आणि लेखकांनी जोरदार विरोध केला, आणि त्याच महिन्यात कंपनीने नियमांचा ५.१ हा संदर्भमसुदा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. २०२५ मध्ये नव्या नियमांचा ५.२ मसुदाही तसाच आला. श्रेय दिलं की त्यावर आधारून लिहिता येतं, विकता येतं, कोणत्याही भाषेत अनुवादही करता येतो.

अपवाद नीट समजून घ्या. खुल्या मसुद्यात सगळा खेळ नाही. ५.१ मध्ये प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास आहे. बिहोल्डर किंवा माइंड फ्लेअर या मॉन्स्टरांचे आकडे त्यात नाहीत, आणि फरगॉटन रिल्म्ससारखी जगंही नाहीत. ते जग वापरायचं असेल तर २०१६ पासून डीएम्स गिल्ड ही ऑनलाइन बाजारपेठ आहे, पण तिथे विक्री त्यांच्याच अटींवर होते आणि लेखकाला किमतीचा अर्धा वाटा मिळतो.

माझी आशा सर्वांत जास्त याच वाटेवर आहे. प्रवासाचे नियम असोत की राज्यकारभाराचे, धाडसी प्रयोग बाहेरच्या लेखकांनी आधी केले आहेत.

१५. जुना सबक्लास नव्या मंत्रांशी जुळत नाही. काय करायचं?

नेहमी येणारं उदाहरण 'झॅनथार'मधल्या सर्कल ऑफ द शेफर्डच्या ड्रुइडचं. त्याची ६ व्या लेव्हलची क्षमता बोलावलेल्या प्राण्यांना प्रत्येक हिट डायमागे (ज्या फाशांवरून हिट पॉइंट मोजतात, त्यातल्या प्रत्येकामागे) दोन हिट पॉइंट जास्त देते. २०१४ मध्ये कंज्यूर अ‍ॅनिमल्स या मंत्राने खरे प्राणी यायचे. २०२४ मध्ये त्याच मंत्राने आत्म्यांचा एक कळप येतो, त्याला हिट पॉइंटच नाहीत. म्हणजे क्षमता निरुपयोगी. समन बीस्ट हा प्राणी बोलावणारा मंत्र वापरावा तर त्या प्राण्याला हिट पॉइंट आहेत, पण हिट डाय लिहिलेलेच नाहीत.

माझा तोडगा असा: समन बीस्टच्या बाबतीत मंत्र ज्या लेव्हलने केला तेवढे हिट डाय धरा, आणि गटाला विचारून सुरुवातीलाच ठरवा. अधिकृत उपाय म्हणून अशा अडकलेल्या सबक्लासची एक सुधारित पुरवणी यायला हवी. नव्याची घाई थोडी थांबवून जुन्यांना न्याय द्यावा असं मला वाटतं.

दोन पुस्तकं एकमेकांशी भांडत असतील तर साधारण क्रम असा: आधी शुद्धिपत्र, मग अलीकडचं पुस्तक, मग जुनं. आणि गटात डीएमचा निर्णय या सगळ्यांच्या वर.

१६. आमची डीएम नवी पुरवणी वापरूच देत नाही. तिला कसं पटवायचं?

अख्खं पुस्तक मागू नका. एक सबक्लास किंवा एक मंत्र मागा, तो वाचून दाखवा, आणि पात्राच्या गोष्टीत तो का बसतो ते सांगा. तीन सत्रं वापरून बघू, जड गेलं तर बदलू, असं आधीच बोला. काही गट मूळ पुस्तक अधिक कोणतंही एक असा नियम ठेवतात. संघटित खेळांत तो कित्येक वर्षं चालला, आणि डीएमवरचं वाचनाचं ओझं त्याने खरंच कमी होतं. तरीही ती नाही म्हणाली तर मान ठेवा. सगळ्यांसाठी तयारी तीच करते (प्रश्न १३).

१७. पुरवण्या फक्त डिजिटल झाल्या तर?

डिजिटल सोय मला हवीच आहे, नियम शोधणं सोपं होतं. भीती वेगळी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये डी अँड डी बियॉन्ड या खेळाच्या अधिकृत डिजिटल संचावर जुन्या पात्रांच्या पत्रकांतले मंत्र आणि जादुई वस्तू नव्या आवृत्तीने बदलण्याचं जाहीर झालं होतं. खेळाडूंनी आवाज उठवल्यावर ते मागे घेतलं. जे विकत घेतलं ते जसं घेतलं तसं राहावं, हे लेखी आश्वासन प्रत्येक डिजिटल पुरवणीसोबत मिळावं. आणि छापील प्रत बंद होऊ नये. टेबलाच्या मधोमध उघडं ठेवून चार जणांनी एकदम वाकून बघायचं पुस्तक पडद्यावर मिळत नाही.

१८. हवी ती पुरवणी येईपर्यंत कॅम्पेन थांबवून ठेवावं का?

नाही. जाहीर झालेली पुस्तकंही लांबतात. ज्या गोष्टीची वाट बघताय तिचा तात्पुरता नियम गटासोबत एका पानावर लिहा आणि खेळायला लागा. पुस्तक आलं की दोन्ही शेजारी ठेवून बघा, तुमच्या गटाला जे जास्त मानवेल ते ठेवा.